रत्नमालाबाईंची टिक

आमच्या कंपनीत एखादं अ‍ॅप बाहेर पडण्याआधी एक कागद टेबलाटेबलांवरून फिरायचा. कोणी बनवलं, कोणी दुरुस्त केलं, तारीख, आणि सगळ्यांत खाली एक रिकामा चौकोन. चौकोनावर लिहिलेलं असायचं, ‘ओके’. त्यात रत्नमालाबाई टिक करायच्या. सगळा कारभार स्क्रीनवर चालणाऱ्या जागेत हा एकच कागद का, असं नव्यानं आलेला प्रत्येक जण विचारायचा. तो रत्नमालाबाईंनी हट्टानं ठेवून घेतला होता.

“स्क्रीनवर टिक करताना हाताला कळत नाय,” त्या म्हणायच्या. “पेननं केली की जरा थांबावं लागतं.”

टिक नसेल तर अ‍ॅप कुठंही जायचं नाही. हा नियम आमचा मालक केयूर यानंच कंपनी काढली तेव्हा घातलेला. त्या वेळी त्याला चुकांची भीती वाटायची. तो त्याचा चांगला काळ होता, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं.

रत्नमालाबाई मूळच्या फर्दापूरच्या. वडिलांचं लेण्यांच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल. लहानपणी दारात बसून त्या एकच गोष्ट बघत राहायच्या : बाहेरगावचा माणूस कुठल्या पाटीसमोर येऊन बावरतो. पाटी बरोबर असायची, बाणही बरोबर असायचा, तरी माणूस तिथंच गोल फिरायचा. लग्न होऊन बजाजनगरच्या कामगार वस्तीत आल्यावर वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दहा वर्षं काढली, मग संगणकाचा क्लास करून सिडकोतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर आल्या. इथं त्यांचं काम पाटीसमोर बावरणारा माणूस शोधण्याचंच होतं. नवीन अ‍ॅप फोनवर घ्यायच्या आणि सकाळी कारखान्यांच्या बस जिथं थांबतात तिथं जाऊन उभ्या राहायच्या. बसमधून उतरणाऱ्या कुणाच्याही हातात फोन द्यायच्या आणि गप्प बसायच्या. मदत करायची नाही, हा त्यांचा कायदा. अंगठा कुठं अडला, किती वेळ अडला, एवढंच वहीत लिहायचं. ‘ग्रीसचा हात, स्क्रीन ओळखेना.’ ‘चष्मा घरी. मुलीला विचारतो म्हणाला.’ अशा बारा वह्या त्यांच्या खणात होत्या. कंपनीतली सगळ्यांत खरी वस्तू तीच असावी.

गेल्या वर्षी केयूर हैदराबादला तीन दिवसांच्या कसल्याशा मेळाव्याला जाऊन आला आणि त्याची बोलण्याची रीत बदलली. आधी तो ‘हे कसं बनवायचं?’ असं विचारायचा. आता ‘बनवून टाक’ म्हणायला लागला, आणि तेही माणसाला नाही. कोड लिहिणाऱ्या नऊ जणांचे दोन जण उरले, शिवम आणि प्रेरणा. शिवम आता कोड लिहीत नाही. एआयला काय हवं ते सांगतो, थांबतो, आणि आलेल्या कोडकडे बघतो. तेही पुरतं बघत नाही, कारण कोड फार असतो. अ‍ॅपमधली मराठी वाक्यं लिहिणं हे माझं काम. आता मशीन लिहितं, ‘कृपया आपले भोजन पूर्ण झाल्याची पुष्टी करा’, आणि मी त्याचं ‘जेवलात का?’ करून देते. एवढ्यापुरती मीही उरले.

ज्या अ‍ॅपची ही गोष्ट आहे त्याचं नाव ‘वेळेवर’. केयूरची मावसबहीण चारुता बजाजनगरात दवाखाना चालवते. तिच्याकडं साखरेचे साठ पेशंट, सगळे वाळूजच्या कारखान्यांतले पाळीवाले. आठवड्याला पाळी बदलते, त्याबरोबर जेवण आणि झोप बदलते, आणि गोळ्यांचा गोंधळ होतो. गोळी वेळेवर घ्यायची आठवण करणारं काहीतरी तिला हवं होतं. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला सांगितलं होतं, “ही गोळी जेवणाला जोडूनच. उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम खाली जाते. माणूस झोपेत असेल तर उठणारही नाही.”

पूर्वी असल्या कामाला चार महिने लागायचे आणि त्यातला एक महिना रत्नमालाबाईंचा असायचा. ‘वेळेवर’ मंगळवारी सुरू झालं आणि शुक्रवारी दुपारी तयार होतं. सोमवारी साठ फोनांत जाणार होतं. त्या साठांतले एक, सांडूभाऊ, रत्नमालाबाईंच्या भिंतीपलीकडं राहतात.

शुक्रवारी केयूरनं आम्हाला मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. बस थांब्यावर जाण्याची आता गरज उरली नव्हती. मशीननं हजार कामगार तयार केले होते. प्रत्येकाला नाव, वय, गाव, आजार आणि स्वभाव. याला चार मिनिटं लागली. पाचव्या मिनिटाला हजार जणांनी अ‍ॅप वापरून पाहिलं, आणि सहाव्याला नऊशे एक्क्याण्णव जण समाधानी झाले. उरलेल्या नऊ जणांना रंग आवडला नव्हता. तो बदलला, तेही समाधानी झाले.

“एकेकाची सगळी माहिती आहे,” केयूर म्हणाला आणि त्यानं एक उघडून दाखवला. सत्यम, वय चव्वेचाळीस, वेल्डर. सकाळी सहाला उठतो. अर्धा तास मोकळ्या हवेत चालतो. नाश्त्याला दलिया.

रत्नमालाबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “कुठं चालतो ह्यो? नाल्याच्या कडंकडंनं?”

शिवम हसला.

“आणि बजाजनगरात दलिया खातो म्हणं. सर, ह्याचा नंबर द्या मला. वेल्डरच्या घरी एवढी निवांत सकाळ असती, तर मी माझं लग्न तिथंच लावून घेतलं असतं.”

“ताई, एकावर जाऊ नका. हे प्रातिनिधिक आहे.”

“बरं. रातपाळीचे किती ह्यांच्यात?”

“तीनशे तेहतीस.” हा प्रश्न येणार हे मशीनला ठाऊक होतं, असा केयूरचा चेहरा.

“आणि खोटं बोलणारे?”

केयूरला हसू आलं. “खोटं कशाला बोलतील? स्वतःची तब्येत आहे त्यांची.”

अ‍ॅप साधं होतं. ठरल्या वेळी घंटा वाजणार, स्क्रीनवर ‘जेवलात का?’ येणार, खाली दोन बटणं. ‘नाही’ दाबलं तर अर्ध्या तासानं परत घंटा. ‘हो’ दाबलं तर ‘गोळी घ्या’. रातपाळीवाल्यांची घंटा साडेआठला. मशीनचा हिशोब असा : सातला पाळी सुटते, पावणेआठला माणूस घरी, साडेआठपर्यंत जेवण. हिशोबात काही खोट नव्हती. फक्त रातपाळीचा माणूस घरी येतो तो आंघोळ करून झोपतो, आणि जेवतो दुपारी एकला.

“साडेआठला झोपलेला असतो तो,” रत्नमालाबाई म्हणाल्या.

“म्हणूनच तर विचारतोय ना, जेवलात का. जेवला नसेल तर ‘नाही’ म्हणेल.”

“म्हणणार नाय. ‘हो’च दाबंल.”

“का पण?”

“वीस वर्षं हो दाबलंय त्यानं. तुमी कधी लाइनीवर उभे राह्यला नाय, सर. पाळीच्या सुरुवातीला चेकलिस्ट येती. तेल बघितलं का, गार्ड लावला का, गेज तपासला का. ‘नाही’ लिहिलं की लाइन थांबती, सुपरवायझर येतो, का नाही म्हणून पान भरून लिहावं लागतं. ‘हो’ लिहिलं की कुणी काही बोलत नाय. चौदाच्या चौदा ओके, मग कामाला हात. झोपेत विचारलं तरी बोट तिथंच जाणार.”

“ताई, हजारातल्या एकानंही असं केलेलं नाही.”

“ते हजार लाइनीवर कुठं होते?”

केयूरनं कागद पुढं सरकवला. “तुम्ही टिक करा. सोमवारी काही झालं तर मंगळवारी दुरुस्त करू. आता दुरुस्तीला दहा मिनिटं लागतात.”

“माणसाला दुरुस्त करायला?” असं विचारून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

या टिकपायी बाई एवढ्या अडून का बसतात, हे केयूरला कधी कळलं नाही. त्यानं विचारलंच नव्हतं. मला त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं होतं. तपासणीच्या टेबलावर असताना त्याही चौदाच्या चौदा टिका आधीच करून ठेवायच्या. सगळ्याच बाया करायच्या. एकदा अख्खा माल परत आला. कागदावर टिक रत्नमालाबाईंची होती. काढलं गेलं ते पत्र्याच्या प्रेस मशीनवरच्या कचरूला, कारण तो कायम नव्हता. त्या सुपरवायझरकडं गेल्या, म्हणाल्या, मी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, “बाई, तुमची टिक बरोबर आहे. कागद बरोबर आहे. माणूस चुकला.” कचरू आता दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळं विकतो. दर हंगामाला बाई त्याच्याकडूनच घेतात. तो एक फळ वर टाकतो, आणि ते एक फळ त्यांना घरी नेववत नाही. परतीच्या बसमध्ये कुणाच्यातरी पोराच्या हातात देतात.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी केयूरला एकच सकाळ मागितली. तो कबूल झाला. लोकांत मिसळल्याचे फोटो चांगले येतात, हे त्यालाही माहीत होतं.

शनिवारी आठला आम्ही बजाजनगरात होतो. गल्लीत त्या वेळी दोन सकाळी एकत्र चालू असतात. एका दारात शाळेचे डबे भरले जात असतात, आणि शेजारच्या दाराला पोतं लावून आतला उजेड मारलेला असतो. रातपाळीवाल्याचं घर पोत्यावरून ओळखायचं. सांडूभाऊंच्या खिडकीला दोन पोती होती. पावणेआठच्या बसनं ते आले होते, आंघोळ झाली होती, आणि पुढच्याच खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपले होते. बावन्न वर्षांचा, प्रेसवर आयुष्य गेलेला माणूस. झोपेतही खांदा आखडलेला. फोन उशाशी, गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याचा तांब्या खिडकीच्या फळीवर. ‘वेळेवर’ त्यांच्या फोनमध्ये आदल्या संध्याकाळी घातलेलं होतं. त्यांच्या बायकोला, आवडाबाईंना, बाईंनी सगळं समजावून जवळ बसवलं होतं. आम्ही दाराशी चटईवर बसलो. केयूरला मांडी घालता येत नव्हती.

साडेआठला बासरी वाजली. मन शांत करणारा आवाज म्हणून मशीननं ती निवडली होती. सांडूभाऊंनी डोळे उघडले नाहीत. हात उशाशी गेला, अंगठा उतरला आणि नेमका ‘हो’वर पडला. वीस वर्षांच्या सवयीला दिसण्याची गरज नव्हती. फोनमधली बाई आनंदानं म्हणाली, “छान! आता गोळी घ्या.” हात फळीकडं गेला. पाकिटाचा कागद फुटल्याचा बारीकसा आवाज झाला. गोळी ओठांपर्यंत पोचली होती तेव्हा आवडाबाईंनी मनगट धरलं.

“आवं, काय करता! पोटात कण नाय!”

सांडूभाऊ दचकून जागे झाले. त्यांना दाराशी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस दिसला. ते ताडकन उठून बसले. बनियन खाली ओढली.

“इन्स्पेक्शन आलं व्हय?” असं म्हणून त्यांनी हात पाठीमागं घेतले. “सगळं ओके हाय, साहेब.”

आवडाबाईंनी त्यांच्या मुठीतून गोळी काढून घेतली. रत्नमालाबाईंनी वहीत काही लिहिलं नाही.

केयूर खाली बघत गाडीपर्यंत चालत आला. मला वाटलं, मनाला लागलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “जबरदस्त. ताई, हे फार मोठं सापडलंय आपल्याला.” आणि वाळूजजवळच्या पंढरपूरच्या तिठ्यापाशी गाडी उभी असताना त्यानं फोनला सांगितलं, मला हजार खोटं बोलणारे कामगार दे.

सिडकोत पोचेपर्यंत ते आले होते. हजार खोटारडे, प्रत्येकाला वेगळं कारण. कुणी घाबरट, कुणी आळशी, कुणाचं बालपण कठीण. मशीननं त्यांच्यावर उपायही काढला : ‘हो’ पुरेसं नाही, ताटाचा फोटो पाठवावा. फोटो पाहून मशीन ठरवेल. घंटा साडेआठलाच राहिली; ती बदला असं मशीननं सुचवलं नव्हतं.

“एका ताटाचा फोटो साऱ्या गल्लीत फिरंल,” रत्नमालाबाई म्हणाल्या.

“हजार खोटं बोलणाऱ्यांवर तपासलंय, ताई.”

“ते बी तुमी सांगितलं म्हणून खोटं बोलणारे. सांगितल्याबिगर बोलणारा एक बी नाय त्यांच्यात.”

टिक त्यांनी केली नाही. सोमवारी सकाळी नवा कागद आला. त्यावर तीनच रकाने होते. खालचा चौकोन गेला होता. प्रेरणानं तो मान खाली घालून छापला आणि मान खाली घालूनच वाटला. रत्नमालाबाईंनी आपली प्रत घेतली, घडी केली, तेराव्या वहीत ठेवली. ‘वेळेवर’ साठ फोनांत गेलं. केयूरनं शनिवारचे फोटो टाकून खाली लिहिलं, ‘वापरकर्त्याच्या घरात शिरल्याशिवाय प्रॉडक्ट बनत नाही’. फोटोत सांडूभाऊ हात पाठीमागं घेऊन बसलेले होते. बऱ्याच लोकांना ते आवडलं.

त्या संध्याकाळी बाई भिंतीपलीकडं गेल्या. फळीवर पाकीट नव्हतं. आवडाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. भाकरीच्या दुरडीत, फडक्याच्या घडीखाली, गोळ्यांचं पाकीट होतं.

“शनवारीच ठिवलं,” आवडाबाई म्हणाल्या. “आता झोपेत हाताला लागायचं नाय. भाकर काढाया गेलं की आधी गोळी हाताला येती. ते फोनातलं मरू दे वाजत.”

“वहिनी, ह्ये तुमाला कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? दुरडी हाय की घरात.”

रत्नमालाबाई दुसऱ्या दिवसापासून बस थांब्यावर जाऊ लागल्या. या वेळी हातात फोन नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मदत करत होत्या. उतरणाऱ्याला गाठायचं, साखरेची गोळी चालू आहे का विचारायचं, आणि पाकीट दुरडीत ठेवायला सांगायचं. पुरुष हो हो म्हणायचे. त्या ‘हो’चा अर्थ ठाऊक असल्यानं बाई मग त्यांच्या घरी जाऊन बायकांना सांगायच्या.

दहा दिवसांनी डॉक्टर चारुता लॅपटॉप घेऊन आमच्या मजल्यावर आली. दम लागलेला, आणि तो जिन्याचा नव्हता.

“केयूर, हे ताट कुणाचं आहे?”

स्क्रीनवर एक ताट होतं. दोन भाकरी, मेथीची भाजी, फोडलेला अर्धा कांदा, हिरवी मिरची. काठाला एका जागी पोचा. चारुतानं पुढचा पेशंट उघडला. तेच ताट. पुढचा. तोच कांदा.

“साठांतले त्रेचाळीस पेशंट दहा दिवस हेच जेवतायत. आणि तुझं मशीन काय म्हणतंय वाच. ‘उत्तम आहार!’ ‘आज कांद्याचं प्रमाण अगदी योग्य!’ त्याच कांद्याला चारशे वेळा शाबासकी दिलीय.”

रत्नमालाबाई मागून वाकून बघत होत्या. पोचा त्यांनी ओळखला. “आवडावहिनीचं ताट ह्ये. सांडूभाऊंनी पहिल्याच दिवशी पाळीच्या ग्रुपवर टाकलं असंल. चांगला माणूस आहे, सगळ्यांची सोय बघतो.”

“हे तपासलं कोणी होतं?” चारुतानं विचारलं.

“हजार जणांनी,” केयूर म्हणाला. मग स्वतःहूनच सुधारलं, “दोन हजार.”

“त्यातला एक बोलव.”

शिवमनं उगाच माउस हलवला.

“मी दोन दिवस घाबरून सगळ्यांच्या साखरा तपासतेय,” चारुता म्हणाली. “एकाचीही घसरलेली नाही. मला तेच कळत नाहीये.”

मग रत्नमालाबाईंनी दुरडीचं सांगितलं. चारुता ऐकता ऐकता खुर्चीत बसली. शेवटी म्हणाली, “मला का नाही सांगितलंत?”

“टिक केली नव्हती, म्याडम. मला वाटलं, टिक नाय म्हटल्यावर कुणीतरी विचारंल.” त्यांनी तेराव्या वहीतून तीन रकान्यांचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

‘वेळेवर’ त्याच दुपारी साठ फोनांतून काढलं गेलं. जाताना चारुता एवढंच म्हणाली की इथून पुढं माझ्या पेशंटच्या फोनात काही घालायचं असेल तर या बाईंची टिक असलेला कागद आधी माझ्याकडं येईल.

केयूर दोन दिवस शांत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर तो हैदराबादहून आल्यावरचा उजेड परत दिसला. त्यानं आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं. नव्या अ‍ॅपचं नाव ‘दुरडी’. स्वयंपाकघरातल्या भाकरीच्या दुरडीचं चित्र, त्यावर फडकं. फडकं बोटानं बाजूला सारलं की गोळी दिसते आणि बासरी वाजते. दोन दिवसांत तयार. दहा हजार जणांनी वापरलं होतं. सगळे समाधानी होते. या खेपेला रंगही सगळ्यांना आवडला होता.

“ही कल्पना तुमचीच आहे, ताई,” केयूर उदारपणे म्हणाला. “तुमचं नाव टाकू आपण.”

“आवडावहिनीची हाय. आणि तिच्या घरात दुरडी आधीच हाय, सर. भाकरीसकट.”

केयूरनं कागद पुढं ठेवला. जुना कागद होता. खालचा चौकोन परत आला होता, त्यावर ‘ओके’ लिहिलेलं. रत्नमालाबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग शिवमकडं पट्टी मागितली. ओकेच्या शेजारी सावकाश चार रेघा मारल्या, चौकोन केला, त्यावर अक्षर नीट काढून लिहिलं, ‘नाही’. पेनाचं टोक त्या चौकोनात टेकलं आणि तिथं जरा थांबलं.